अव्वल क्लासची एकच वायर

लातुरात माणसाची ओळख करून देताना आधी टक्के सांगतात आणि मग नाव. एका साखरपुड्यात मी स्वतः ऐकलंय, "हे मुलाचे मामा, बारावीला फिजिक्समध्ये अठ्ठ्याण्णव." मामांचं वय तेव्हा सत्तावन्न होतं आणि ते लाजून हसले. अशा गावात भुजंगसारख्या माणसाने राहायचं कसं? भुजंग दहावीला तीनदा बसला आणि तीनदा नापास झाला. पहिल्यांदा इंग्रजीत, दुसऱ्यांदा गणितात आणि तिसऱ्यांदा, दोन्ही विषयांचं मन राखावं म्हणून की काय, दोन्हींत.

भुजंग आमच्या 'अव्वल अकॅडमी'त शिपाई होता. मी तिथे प्रश्नपत्रिका तपासायचो, म्हणजे उत्तरं नव्हे, शुद्धलेखन. अहमदपूरच्या शाळेतून मराठीचा मास्तर म्हणून निवृत्त झालो आणि घरात बसवेना म्हणून इथे आलो. माझा स्वभाव तापट आहे असं माझी बायको म्हणते. ते साफ खोटं आहे, हे मी तिला अनेकदा ओरडून सांगितलंय.

भुजंगचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला त्या वर्षी तो दहावीत होता. घर पडलं, शाळा पडली, घरातली माणसं मात्र अंगणात झोपली होती म्हणून वाचली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना टेलिफोनवाले तात्पुरत्या तारा ओढायला आले, आणि हा पुस्तकं सोडून त्यांच्यामागे खांब चढायला लागला. लोक फोनपाशी रांग लावून "आम्ही हाव, जिवंत हाव" एवढंच बोलायचे आणि रडत रडत बाजूला व्हायचे. वायरीतून काय जातं ते त्याला तेव्हा कळलं, असं तो म्हणतो. मला हे जरा नाटकी वाटायचं. पण त्याने जोडलेली वायर कधी सुटली नाही, हेही खरं.

तर ही गोष्ट दोन हजार चौदाची. अव्वलचे मालक माधवराव सर यांनी क्लास एका खोलीतून दोन इमारतींवर नेला होता. जुन्या इमारतीत ऑफिस आणि सरांच्या खोल्या. नव्या इमारतीत कॉम्प्युटरची लॅब आणि मुलींची अभ्यासिका. दोन्हींच्या मधोमध वीरभद्रआप्पांचं घर, आणि ते घर आप्पा विकायला तयार नव्हते. त्यामुळे इकडच्या इमारतीतून तिकडे जाणारी कॉम्प्युटरची वायर आप्पांच्या गच्चीवरून न्यावी लागायची. गच्चीवर राज्य आप्पांच्या पत्नीचं, गुरम्मांचं. तिथे बारा महिने पापड, कुरडया, शेवया असं काहीतरी वाळत असायचं.

"एक वायर घाला," गुरम्मा म्हणाल्या होत्या. "एकच. साकु, बास. दुसरी दिसली की कात्रीनं कापते."

पहिल्या वायरीलाही त्यांनी विरोध केला असता, पण तिच्यावर परकर छान वाळतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता भानगड अशी, की क्लासचे सगळे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात होते. फिजिक्सचे सर्वेश सर आणि केमिस्ट्रीच्या चंद्रप्रभा मॅडम यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मॅडमनी मुलांची अचानक घ्यायची म्हणून एक चाचणी कॉम्प्युटरवर तयार करून ठेवली, ती सर्वेश सरांनी आपल्या खोलीतून उघडून पाहिली आणि वर्गात म्हणाले, "उद्या केमिस्ट्रीची चाचणी आहे, घाबरू नका, सोपी आहे." मॅडमनी मग सरांच्या प्रकाशाच्या नोट्स उघडून त्यांत ठिकठिकाणी 'हे मॅडमना विचारा' असं घातलं. माधवराव सरांनी डोक्याला हात लावला.

"तीन वेगळी जाळी करा," ते म्हणाले. "फिजिक्सचं एक, केमिस्ट्रीचं एक, मुलामुलींचं एक. एकाला दुसऱ्याचं दिसता कामा नये."

तीन जाळी म्हणजे तीन वायरी, आणि वर गुरम्मांची कात्री. वायफायचं नाव काढलं की माधवराव सर "पोरं पिक्चर बघतील" म्हणायचे. शेवटी हैदराबादच्या एका दुकानातून दोन मोठे स्विच मागवले. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. रांगेत सॉकेटं असलेली ती पेटी, जिच्यात सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी येऊन बसतात. दुकानदार म्हणाला, एकाच वायरीतून तिन्ही जाळी नेता येतात, फक्त पेटीला तसं सांगावं लागतं. सांगायला माणूस मात्र येणार नाही, फोनवर समजावू. "वायरीचं आहे ना, मग भुजंगला द्या," सर म्हणाले, आणि दीडशे पानांचं इंग्रजी पुस्तक भुजंगच्या हातात पडलं.

इंग्रजीत दोनदा नापास झालेल्या माणसाने ते पुस्तक तीन आठवडे वाचलं. म्हणजे दोन घंटांच्या मधल्या वेळात, पाण्याच्या टाकीशेजारी बसून. अडलं की हैदराबादच्या दुकानातल्या बसवराजला फोन. बसवराज मूळचा बिदरकडचा, बोलायचा दखनी. भुजंगने फोनचा स्पीकर लावला की मलाही ऐकू यायचं.

"देखो भाई, माल सबका एकीच तार में जाता. बस, भेजते वक्त चिट्ठी चिपका दिये, उदर पहुँचा तो चिट्ठी निकाल के जिसका उसको दे दिये. समझे?"

"समझा," भुजंग म्हणायचा, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघायचा. "काय बी समजलं न्हाई गुरुजी."

समजलं ते बसस्टँडवर. खेड्यापाड्यातली पोरं लातुरात खोल्या करून राहतात आणि त्यांच्या आया रोज सकाळी एसटीने डबे पाठवतात, हे इथे कुणाला सांगायला नको. भुजंग आपल्या पाहुण्याच्या पोराचा डबा घ्यायला निलंग्याच्या गाडीवर गेला होता. परत आला तो पळतच.

"गुरुजी, गाडी एक, डबे साठ! येकायेकावर चिठ्ठी! गाडीला काय घेनंदेनं न्हाई आत भेंडी हाय का पिठलं. हितं उतरलं की चिठ्ठी बगायची, ज्याचा त्याला द्यायचा. जेवनाऱ्यानं चिठ्ठी खायची न्हाई, ती आधीच काढायची!"

"आणि चिठ्ठी नसलेला डबा?" मी विचारलं.

"तेबी इचारलं मी. तसले समदे स्टँडवरच्या एका टपरीवाल्याकडं जमा होतेत. ज्याचं नाव न्हाई, ते त्याचं. लई जाड झालाय तो."

संध्याकाळपर्यंत त्याने दोन्ही पेट्यांना सांगून टाकलं, की गुरम्मांच्या वायरीवर जाताना सगळ्याला चिठ्ठी लावा आणि कॉम्प्युटरच्या सॉकेटाशी ती काढा. पहिल्यांदा काहीच चाललं नाही, कारण इकडच्या पेटीला सांगितलं आणि तिकडच्या पेटीला सांगायचं राहिलं. दुसऱ्यांदा चाललं. मी त्याला चहा पाजला आणि त्याच्या बायकोने, सिंधूने, दुसऱ्या दिवशी मला धपाटे पाठवले. सगळं सुरळीत झालं असतं. पण चिठ्ठीवर नाव लिहिता येत नाही, आकडा लिहावा लागतो. प्रत्येक जाळ्याला एक आकडा.

बसवराजने सांगितलं होतं, दहा, वीस, तीस द्या. भुजंगने कागदावर फिजिक्स वीस, केमिस्ट्री दहा आणि विद्यार्थी तीस असं लिहून माधवराव सरांच्या केबिनमध्ये नेलं. मी तिथेच 'त्वरण' दुरुस्त करत बसलो होतो.

"वीस?" सर्वेश सर म्हणाले. "माझा विसावा नंबर? आणि यांचा दहावा?"

"सर, तसं न्हाई, तो नुसता आकडा हाय..."

"लातुरात नुसता आकडा नसतो!"

ते खरंच होतं. अर्धा तास वाद झाला. गेल्या पाच वर्षांचे निकाल काढले, कुणाच्या विषयात किती मुलं पहिली आली ते मोजलं, एक जुनं कात्रण भिंतीवरून उतरवलं. शेवटी माधवराव सरांनी निकाल दिला. फिजिक्स एक, केमिस्ट्री दोन, विद्यार्थी तीन. चंद्रप्रभा मॅडम उठून गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी वर्गात बेंझीनच्या कड्याच्या सहापैकी पाचच बाजू काढल्या आणि खडू ठेवून दिला.

भुजंग दाराशीच उभा होता. "सर, हैदराबादवाले म्हणतेत एक नंबर कुणालाच देऊ नका. नव्या पेटीत समदी सॉकेटं आधीपासून एकातच असतेत. अन एक नंबरला चिठ्ठी लागत न्हाई. ज्याला कायबी सांगितलं न्हाई ते..."

"भुजंग," सर्वेश सर हसत म्हणाले, "दहावीला तुला किती होते रे?"

सगळे हसले. मीही थोडा हसलो, त्याची मला आजही लाज वाटते. भुजंगने कागद घडी करून खिशात ठेवला आणि फिजिक्सला एक नंबर देऊन टाकला.

आता त्याच्या मुलीबद्दल सांगायला हवं. वर्षाराणी अकरावीत होती आणि आमच्याच क्लासमध्ये शिकत होती. शिपायाच्या मुलीला क्लास फुकट, ही माधवराव सरांची मेहेरबानी. नोकरी आहे तोवर जागा आहे. मुलगी साधी, हसरी. पुढे काय व्हायचंय विचारलं तर एक दिवस नर्स म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मोटर वाइंडिंग. भुजंगचा मात्र त्या जागेवर फार जीव. तास संपायची घंटा तो नेहमी तिच्या वर्गाच्या बाजूला तोंड करून वाजवायचा.

पंधरा दिवस झाले. माधवराव सरांनी मुलींच्या अभ्यासिकेसाठी नवा प्रिंटर आणला आणि उत्साहाच्या भरात स्वतःच रिकाम्या सॉकेटात खोचला. भुजंग त्या दिवशी गावी जत्रेला गेला होता. मुलींनी दोन दिवस तक्रार केली, की प्रिंटर आमचं काही छापत नाही. तिसऱ्या दिवशी तो आपोआप छापायला लागला.

तेव्हा अभ्यासिकेत वर्षाराणी एकटी होती. चाळीस पानं बाहेर पडली. तिला वाटलं सरावाची असतील. पहिला प्रश्न वाचला, काहीच कळलं नाही, तेव्हा ही केमिस्ट्रीच असणार असं तिने ठरवलं आणि गठ्ठा नेऊन चंद्रप्रभा मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी पाहिलं, तो सर्वेश सरांचा रविवारच्या मोठ्या परीक्षेचा पेपर होता, उत्तरांसकट. मॅडमना झालेला आनंद मी पाहिला. गठ्ठा छातीशी धरून त्या अख्ख्या जिन्यावरून जवळजवळ नाचत उतरल्या.

सर्वेश सर तडक मुलींच्या वर्गात गेले. पन्नास मुलींसमोर त्यांनी वर्षाराणीला उभं केलं आणि म्हणाले, "वायरीचं काम बापाकडे, पेपर मुलीकडे. हिशोब सरळ आहे. चोरी आहे ही."

ती रडली नाही. खाली बसली आणि वहीवर रेघा मारत राहिली.

माधवराव सरांनी भुजंगला बोलावलं. "रविवारच्या आत सिद्ध कर की हे वायरीने झालं, माणसाने नाही. नाहीतर तूही जा आणि तीही."

भुजंग पाण्याच्या टाकीशेजारी येऊन बसला. "गुरुजी, मी नापास झालो ते माझं मी झालो," तो म्हणाला. "तिला चोर कामून म्हनलं?" मी त्याला बसवराजला फोन लावायला सांगितलं.

"एक नंबर कू हात नक्को लगाओ बोला था ना मैं!" बसवराज ओरडला. मग शांत होऊन त्याने दहा मिनिटं समजावलं. भुजंगने एकदाही 'समझा' म्हटलं नाही. फक्त ऐकलं, नव्या इमारतीत एक चक्कर मारून आला आणि हसला.

शनिवारी दुपारी केबिनमध्ये सगळे जमले. माधवराव सर, सर्वेश सर, चंद्रप्रभा मॅडम आणि कोपऱ्यात मी. पलीकडच्या अभ्यासिकेत झाडलोट करणाऱ्या कस्तुराबाईंना बसवलं होतं. प्रिंटरमधून कागद आला की उचलायचा आणि सरळ इकडे आणून द्यायचा, एवढं त्यांचं काम.

"सर, तुमी तुमच्या मशीनवर कायबी लिवा," भुजंग सर्वेश सरांना म्हणाला. "आमाला दाखवू नका. अन मग छापा. नेहमी छापता तसंच."

सर्वेश सर आत गेले, टकटक केलं आणि बाहेर आले. "छापलं. माझ्या खोलीतल्या प्रिंटरवर. यादीत दोन दिसतात हल्ली, मी नेहमी पहिला निवडतो."

"कामून?"

"कामून म्हणजे? पहिला तो पहिला."

आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. प्रिंटर गप्प होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि कस्तुराबाई धापा टाकत आल्या. हातात एक कागद. त्यांना वाचता येत नसल्याने त्यांनी तो सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाला दिला, म्हणजे चंद्रप्रभा मॅडमना.

मॅडमनी मोठ्याने वाचलं, "मॅडमचं ऑरगॅनिक पहिल्यापासूनच कच्चं आहे."

मी बाहेर जाऊन मनसोक्त हसलो आणि परत आलो.

"आता बगा," भुजंग म्हणाला, आणि ते सगळं तो इतकं सावकाश बोलला की जणू त्यालाच पहिल्यांदा वेळ मिळाला होता. "मॅडमच्या मालाला चिठ्ठी हाय, दोन नंबरची. पोरांच्या मालाला तीनची. तुमच्या मालाला चिठ्ठीच न्हाई सर, कसं की एक नंबरला ती लागत न्हाई. अन नवा प्रिंटर खोचला त्या सॉकेटाला कुणी नंबर दिला न्हाई, म्हणून तो बी एकातच. पोरींचं छापत नव्हता, कारण पोरी तीनात हाईत. जे जे बेवारस, ते समदं एकात पडतंय. कँटीनमधलं सॉकेट, हजेरीचं मशीन, पंपाजवळचं... समद्यांना तुमचे पेपर दिसून राहिलेत. तीन आठवडे झाले."

माधवराव सर खुर्चीत बसले. सर्वेश सरांचा चेहरा पडला. मग ते एकदम म्हणाले, "मला नको एक नंबर! मॅडमना द्या!"

"मला? तुमचं उष्टं?" मॅडम म्हणाल्या.

लातुरात पहिला नंबर नको म्हणून भांडणारे दोन शिक्षक मी त्या दिवशी बघितले. अखेर भुजंगने खिशातून घडी केलेला जुना कागद काढला. दहा, वीस आणि तीस. सर्वेश सरांनी दहा घेतला, कारण तो मोजताना आधी येतो. मॅडमनी वीस घेतला, कारण तो दुप्पट आहे. दोघेही एकमेकांकडे बघून जिंकल्यासारखे हसले.

"मग एकमध्ये कोण?" माधवराव सरांनी विचारलं.

"कुनीबी न्हाई. रिकामा ठेवायचा."

"रिकामा? अरे, बाहेर अव्वल लिहिलंय आपण बोर्डावर!"

"बोर्ड असू द्या की सर."

"बरं, बरं. झालं ना, विषय संपला," माधवराव सर उठत म्हणाले. पण भुजंग जागचा हलला नाही. मान खाली होती, आवाज मात्र खाली नव्हता.

"न्हाई संपला सर. पोरीला चोर म्हनलं ते पन्नास पोरींसमोर. हितं चार जणात मिटत न्हाई."

मला वाटलं, आता सर्वेश सर पुन्हा टक्के विचारणार. मी माझी वहाण काढायच्या तयारीत होतो, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी विचारले नाहीत. ते उठले आणि आप्पांच्या घराला वळसा घालून नव्या इमारतीत गेले. आम्ही सगळे मागोमाग.

मुलींचा वर्ग भरला होता. सर्वेश सर फळ्यापुढे उभे राहिले, घसा साफ केला. "वर्षाराणीने पेपर चोरला नाही. चूक माझी होती. मी यादीतला पहिला प्रिंटर निवडला आणि कुणाचं ऐकलं नाही." एवढं बोलून ते थांबले, आणि वीस वर्षांच्या सवयीने पुढे म्हणाले, "लिहून घ्या."

पन्नास मुलींनी वह्या उघडल्या आणि लिहून घेतलं. वर्षाराणीनेही लिहिलं, खाली पट्टीने रेघ मारून. भुजंग दारात घंटेचा दांडा हातात धरून उभा होता आणि तास संपून दहा मिनिटं झाली तरी त्याने घंटा वाजवली नाही. कुणी आठवणही केली नाही. माझा चष्मा ओला झाला होता, पण ते उन्हामुळे असेल असं मी कस्तुराबाईंना सांगितलं.

रविवारी नव्या पेपरवर परीक्षा झाली आणि मंगळवारी निकाल लागला. यादी चिकटवायचं काम भुजंगचंच. मी मागून जाऊन पाहिलं, एकशे चाळीस मुलांमध्ये वर्षाराणीचा नंबर एकशे बारा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "पुढच्या वेळी वर येईल रे."

"कशाला?" भुजंग यादीचा कोपरा अंगठ्याने दाबत म्हणाला. "एकशे बारा लई चांगला नंबर हाय गुरुजी. तिथं तिच्या अंगावर दुसऱ्याचं काय येऊन पडत न्हाई."